बसतं, शोभतं, चालतं, पुरतं: 'योग्य'साठी इंग्रजी शब्द निवडताना

ऐरोलीच्या एका ऑफिसात नव्याने लागलेल्या मुलाने साहेबांना मेसेज पाठवला, 'सर, आय ॲम नॉट कन्व्हिनियंट टुमॉरो.' त्याला म्हणायचं होतं, उद्या मला जमणार नाही. साहेबांना ते कळलं, त्यांनी 'ओके' पाठवलं आणि त्यांच्यापुरता विषय संपला. शेजारच्या टेबलावरची मुलगी मात्र फिसकन हसली, ते याच्या मनात राहिलं. रविवारी वर्गात येऊन त्याने फोनच माझ्यापुढे धरला.

'मॅडम, कन्व्हिनियंट म्हणजे सोयीस्कर. ॲपमध्ये बघितलंय मी. मग चूक कुठंय?'

'आता हेच मराठीत म्हण.'

'उद्या मी सोयीस्कर नाही,' म्हणाला, आणि स्वतःच हसायला लागला.

आमचा वर्ग म्हणजे फार काही नाही. ठाण्यात सोसायटीच्या हॉलमध्ये रविवारी सकाळी दोन तास बसतो, फी नाही, चहा आपापला. येणारी मुलं-मुली बहुतेक मराठी माध्यमाची. कोणी जळगावचं, कोणी साताऱ्याचं, कोणी इथलंच शहापूर-मुरबाडचं. कळव्याला नाहीतर घणसोलीला चौघांत एक खोली घ्यायची, ठाण्याच्या नऊ-दहा नंबरवरून वाशी नाहीतर पनवेल लोकल पकडायची आणि रबाळे, महापे, तुर्भे इथल्या ऑफिसांत दिवसभर इंग्रजी मेल वाचायचे. व्याकरण यांचं वाईट नसतं. अडतं ते 'योग्य'पाशी. शब्दकोश उघडला की योग्यसमोर सुटेबल, फिट, प्रॉपर, अप्रोप्रिएट, ॲप्ट, एलिजिबल असे सगळे एका रांगेत उभे. जणू कुठलाही उचला, काम भागेल. भागत नाही.

या एका शब्दावरून इतकी गाडी घसरते की आता नवीन माणूस आला की मी पहिले दोन रविवार यातच घालवते. इथे तेच लिहून ठेवते आहे.

पहिली पायरी: 'योग्य' खोडा

योग्य हा शब्द आपण लिहितो, बोलत नाही. घरात कोणी 'हा शर्ट मला योग्य आहे' म्हणत नाही. शर्ट बसतो. रंग शोभतो. वेळ चालते. दिवस जमतो. पगार पुरतो. काम झेपतं. हवापाणी मानवतं. भाडं परवडतं. स्वभाव पटतो. मराठी माणूस योग्यता क्रियापदातून सांगतो आणि दर ठिकाणी वेगळं क्रियापद वापरतो. तेही न चुकता, कारण कानच तसे तयार झालेले असतात. 'चप्पल पटली नाही' असं चार वर्षांचं पोरसुद्धा म्हणणार नाही.

इंग्रजी हीच छटा बरेचदा विशेषणातून दाखवतं. म्हणजे भेद दोन्हीकडे आहेत, फक्त वेगळ्या खणांत ठेवलेत. गडबड होते ती आपण मधे 'योग्य'ला घालतो म्हणून. मनात आधी 'जमणार नाही' येतं, मग इंग्रजीसाठी आपण त्याचं 'योग्य नाही' किंवा 'सोयीस्कर नाही' असं पुस्तकी मराठी करतो, आणि त्या पुस्तकी मराठीचं इंग्रजी शोधतो. हा वळसा टाळायचा. वाक्य लिहिण्याआधी स्वतःला विचारा, हे मी रूममेटला कसं सांगेन? जे क्रियापद तोंडात येईल ते कागदाच्या कडेला लिहा. मग पुढे जा.

दुसरी पायरी: बसतं की शोभतं

इथे थोडं रेंगाळू, कारण हे एकदा पक्कं झालं की निम्मं काम होतं.

जांभळी नाक्याजवळ एक टेलर आहेत. वर्गातल्या एका मुलीला इंटरव्ह्यूसाठी ब्लेझर हवा होता, म्हणून मी सोबत गेले होते. तिने तयार ब्लेझर घातला, आरशात वळून पाहिलं. टेलरकाकांनी खांद्यावरची शिवण दोन बोटांनी चिमटीत धरून पाहिली, बाहीची लांबी मनगटाशी तपासली आणि म्हणाले, 'बसलाय अगदी. पण ताई, हा रंग तुम्हाला शोभत नाही हो.' दोन वाक्यांत त्यांनी माझा एक तास वाचवला. बसतो म्हणजे फिट्स. शोभतो म्हणजे सूट्स. 'द ब्लेझर फिट्स मी, बट द कलर डझंट सूट मी.' फिटमध्ये माप असतं, टेप लावून ठरवता येतं. सूटमध्ये मेळ असतो, तो नजर ठरवते.

सूट हा शब्द लॅटिनमधल्या 'मागून जाणे' या अर्थाच्या धातूपासून फ्रेंचमार्गे इंग्रजीत आला. पर्स्यू, म्हणजे पाठलाग करणे, त्याच घराण्यातला. हॉटेलातला स्वीटही तिथलाच. एकामागून एक येणाऱ्या, एकमेकींशी मेळ असलेल्या गोष्टींचा संच तो सूट. म्हणून कोट आणि पँट एकाच कापडाची असली की सूट. सुटेबल म्हणजे त्या संचात खपून जाईल असं. (आपल्या मराठीतली दुकानदार देतो ती सूट वेगळी, ती सुटण्यातली. 'सुटावर सूट' हा विनोद वर्गात दर वर्षी कोणीतरी करतंच.)

फिट मात्र मापापुरता राहत नाही, आणि नोकरी करणाऱ्याला तो पावलोपावली भेटतो. आजारपणाच्या रजेनंतर डॉक्टर लिहून देतात ते 'फिट टु रिझ्यूम ड्यूटी'. नंबरप्लेट एमएच ०४ असो की एमएच ४३, रिक्षा-टेम्पोला आरटीओचं फिटनेस सर्टिफिकेट लागतं. पावसाळ्याआधी महापालिका धोकादायक इमारतींची यादी लावते. त्यात सी-१ म्हणजे अतिधोकादायक, रिकामी करायचीच. अशा इमारतीला इंग्रजीत म्हणतील 'अनफिट फॉर ह्यूमन हॅबिटेशन'. या सगळ्यांत प्रश्न एकच आहे: ठरलेलं काम हे माणूस, हे वाहन, ही इमारत करू शकते का? गाडी दिसायला कशी आहे, इमारत कोणी बांधली, याच्याशी संबंध नाही. जाता जाता, 'त्याला फिट आली' मधलं फिट हा इंग्रजीतही वेगळाच शब्द आहे. दोघांची गाठ घालू नका.

फिटचं वजन मला स्वतःला एका डब्याने शिकवलं. आमच्या गच्चीला गळती होती. दुकानात जाऊन मी स्पष्ट सांगितलं, उघड्या गच्चीवर लावायचंय. दुकानदाराने एक वॉटरप्रूफिंगचा डबा दिला. पहिल्या जोरदार पावसात त्याचे पापुद्रे निघाले. मी तावातावाने मेल लिहिला, 'युवर प्रॉडक्ट इज नॉट प्रॉपर.' उत्तर आलं की डब्याचं सील व्यवस्थित होतं, मुदत संपलेली नव्हती, सबब तक्रार मान्य नाही. आणि खरं सांगायचं तर ते बरोबरच होते. डब्यात काही खोट नव्हती. तो बाथरूमच्या आतल्या भिंतींसाठी होता. दुसऱ्या मेलमध्ये मी दोनच वाक्यं लिहिली: मी तुमच्या दुकानात ही वस्तू उघड्या गच्चीसाठी मागितली होती, 'इट इज नॉट फिट फॉर दॅट पर्पज.' आठवड्याभरात पैसे परत.

हे नुसतं भाषेचं चातुर्य नव्हतं. १९३० च्या वस्तू विक्री कायद्याच्या कलम १६ मध्ये फिट हा शब्द याच अर्थाने बसलेला आहे. गिऱ्हाइकाने विक्रेत्याला वस्तू कशासाठी हवी ते सांगितलं आणि त्याच्या जाणकारीवर विसंबून ती घेतली, तर ती त्या कामासाठी 'रीझनेबली फिट' असली पाहिजे. प्रॉपर म्हटलं की वस्तूकडे बोट जातं, फिट म्हटलं की वस्तू आणि काम यांच्यामधल्या जागेकडे. तक्रारीचा मेल लिहिताना हा फरक खिशाला कळतो.

तिसरी पायरी: चालेल, जमेल

'मंगळवारी चालेल का?' याला इंग्रजीत सुटेबल, कन्व्हिनियंट वगैरे जड सामान लागतच नाही. 'विल ट्यूजडे डू?' बस. उत्तर: 'ट्यूजडे वर्क्स फॉर मी.' आपलं चालणं आणि त्यांचं डू, वर्क हे सख्खे भाऊ शोभतील. 'निळं पेन नाही, काळं चालेल?' 'अ ब्लॅक वन विल डू.' नवीन मुलं हे वापरायला घाबरतात, त्यांना वाटतं फार साधं झालं. साधंच हवं असतं. साहेब स्वतः असंच लिहितात, नीट बघा.

आता तो कन्व्हिनियंट. लक्षात ठेवायची गोष्ट एवढीच की इंग्रजीत माणूस कन्व्हिनियंट नसतो. वेळ असते, जागा असते, गाडी असते. 'इज टेन ओक्लॉक कन्व्हिनियंट फॉर यू?' हे बरोबर. 'आर यू कन्व्हिनियंट ॲट टेन?' हे चूक, आणि हे तुम्हाला मोठमोठ्या पदांवरची माणसंही बोलताना ऐकू येतील. त्यांना दुरुस्त करू नका, आपलं आपण बरोबर लिहा. लॅटिनमध्ये या शब्दाचा मूळ अर्थ एकत्र येणं. आपणही म्हणतो ना, 'सगळं जुळून आलं'. जुळून येतात त्या गोष्टी, माणूस त्या जुळणीचा फायदा घेतो.

आणि सोयीस्कर म्हटलं की मराठीत एक वास येतो. 'तो सोयीस्करपणे विसरला.' त्या वासासाठी इंग्रजीत वेगळा शब्द आहे, एक्स्पीडिअंट. तात्पुरतं काम निघतं, पण बरोबर असेलच असं नाही. मुळात अर्थ पाय मोकळा करणं. तलावपाळीला संध्याकाळी फेरी मारून आपण करतो तसे पाय मोकळे नव्हेत, कशात तरी अडकलेला पाय सोडवून घेणं. कुणाच्या निर्णयाला मेलमध्ये एक्स्पीडिअंट म्हणालात तर ती टीका आहे, कौतुक नव्हे. मी तर नवशिक्यांना सांगते, वाचताना ओळखा, लिहू नका.

चौथी पायरी: पात्र, लायक, झेपणारा

नोकरीच्या जाहिरातीत आधी एलिजिबल येतो, शेवटी सुटेबल येतो. मधला सगळा खेळ याच दोन शब्दांचा.

एलिजिबल म्हणजे नियमाने पात्र. होय किंवा नाही, मधलं काही नाही. भारतात वय १८ पूर्ण झालं की मतदानाला एलिजिबल. आमदारकीला उभं राहायला २५, विधान परिषदेसाठी ३०. ७५ पूर्ण केलेले आजोबा एसटीत मोफत प्रवासाला एलिजिबल. कंडक्टर आधारकार्ड बघतो, आजोबांचा स्वभाव नाही. सिडकोच्या घरांच्या सोडतीत अर्ज बाद होतो तोही असाच, उत्पन्नाच्या नाहीतर कागदपत्रांच्या नियमावर. सुटेबल मात्र कोणाच्या तरी मताने ठरतं. उमेदवार एलिजिबल आहे हे वय आणि कागद बघून समजतं, सुटेबल आहे की नाही ते मतदार ठरवतात. मजा म्हणजे एलिजिबल आणि इलेक्शन हे दोन्ही शब्द निवडणे या एकाच लॅटिन धातूचे.

आपल्या 'पात्र'चीही गंमत आहे. पात्र म्हणजे मुळात भांडं. ज्यात घालता येईल ते. पण भांडं रिकामं असतं, हे विसरायचं नाही.

हा भेद नकाराचं पत्र आलं की कामाला येतो. पत्रात 'नॉट एलिजिबल' असेल तर कुठली अट चुकली ते शोधा: पदवीचा विषय, गुणांची टक्केवारी, वयाची तारीख. कागद सापडला तर तो दाखवून पुन्हा बोलता येतं. 'नॉट सुटेबल फॉर धिस रोल' असेल तर कागद दाखवून उपयोग नाही. तिथे नम्रपणे विचारा की कुठे कमी पडलो. वर्गातली एक मुलगी 'नॉट सुटेबल' वाचून आठवडाभर रडली होती. तिला ते 'नालायक' असं ऐकू आलं होतं. दोष तिचा नाही, आपल्या भाषेचा आहे. लायक हा शब्द साधा, पण आधी 'ना' लागला की शिवी. इंग्रजीत अनसुटेबल ही शिवी नाही. त्या खुर्चीला तुम्ही जुळला नाहीत, एवढंच. दुसऱ्या खुर्चीला जुळाल.

क्वालिफाइड म्हणजे शिक्षण-प्रशिक्षण झालेलं. केपेबल म्हणजे ज्याला झेपेल. कॉम्पिटंट म्हणजे काम नीट येतं, पण जपून. सरकारी इंग्रजीत 'कॉम्पिटंट ऑथॉरिटी' म्हणजे सक्षम प्राधिकारी, तिथे तो भारदस्त आहे. सहकाऱ्याच्या कौतुकाला 'ही इज कॉम्पिटंट' लिहिलंत तर ऐकणाऱ्याला वाटतं, बरा आहे म्हणे. ॲडिक्वेटचंही तेच. पुरतं एवढंच. 'युवर वर्क इज ॲडिक्वेट' असं वार्षिक रिव्ह्यूत आलं तर पेढे वाटू नका. पैसे, वेळ, पाणी पुरतं म्हणायला साधा 'इनफ' घ्या, तो कुठेच दगा देत नाही.

पाचवी पायरी: 'हे तुला शोभत नाही'

कपडा शोभतो तिथे सूट. पण आई जेव्हा म्हणते, 'हे वागणं तुला शोभत नाही', तिथे सूट चालणार नाही. तिथे प्रॉपर किंवा अप्रोप्रिएट.

प्रॉपर आपण मराठीत केव्हाच दत्तक घेतलाय. 'तू प्रॉपर ठाण्याचा का?' म्हणजे घोडबंदरच्या पुढचा नाही, डोंबिवलीचा नाही, नौपाडा-चरईतला का. आणि गंमत म्हणजे हा वापर इंग्रजीलाही मान्य आहे, फक्त जागा बदलते: 'ठाणे प्रॉपर', शब्द गावाच्या मागून. प्रॉपरचा मूळ अर्थ 'स्वतःचं'. प्रॉपर्टी तिथूनच. अप्रोप्रिएटही तिथूनच. म्हणजे प्रसंगाचं स्वतःचं असं जे वागणं, ते अप्रोप्रिएट. तेराव्याला गेलात तर तिथलं एक बोलणं असतं, बारशाला गेलात तर वेगळं.

हाच अप्रोप्रिएट क्रियापद झाला की अर्थ फिरतो. शेवटचा भाग 'एट' असा लांबवून म्हटला तर अर्थ होतो स्वतःच्या ताब्यात घेणे किंवा निधी बाजूला काढून देणे. अर्थसंकल्पाच्या बातम्यांत येणारं 'अप्रोप्रिएशन बिल', म्हणजे विनियोजन विधेयक, ते या दुसऱ्या अर्थातलं. विशेषण म्हणताना शेवट आखूड, 'अट'च्या जवळचा. मराठीत लिहिताना आपण दोन्हीकडे 'एट'च लिहितो, म्हणून बोलताना लक्ष ठेवा.

ऑफिसात 'इनअप्रोप्रिएट' हा शब्द ऐकलात तर तो हलका घेऊ नका. मराठीत 'अयोग्य वर्तन' म्हटलं की वर्गात गप्पा मारल्या असं वाटतं. एचआरच्या तोंडी 'इनअप्रोप्रिएट बिहेविअर' आला की बहुतेक वेळा मामला गंभीर असतो. स्त्रियांच्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्याने दहा किंवा अधिक माणसं काम करतात त्या प्रत्येक ठिकाणी अंतर्गत समिती सक्तीची आहे, आणि तिथल्या कागदांत हा शब्द नेहमीचा. नवीन लागलेल्या मुलींनी आणि मुलांनीही पहिल्या आठवड्यात कंपनीचं ते धोरण वाचावं. इंग्रजी सुधारेल आणि हक्कही कळतील.

एक तक्रार माझी स्वतःची. 'पुढील योग्य त्या कार्यवाहीसाठी' हे सरकारी वाक्य आपण इंग्रजी मेलमध्ये 'फॉर अप्रोप्रिएट ॲक्शन प्लीज' करून टाकतो. बरेचदा लिहिणाऱ्यालाच ठाऊक नसतं की काय करायला हवंय. माहीत असेल तर तेच लिहा: बिल मंजूर करा, नाव दुरुस्त करा, परवा फोन करा. माहीत नसेल तर मेल पाठवण्याआधी विचार करा.

सहावी पायरी: लागू आहे का

अनुभव 'लागू' असेल तर रेलेव्हंट. रिझ्युमेमध्ये गावच्या गणेशमंडळाचा खजिनदार होतो हे अकाउंट्सच्या नोकरीला रेलेव्हंट आहे, खुशाल लिहा. ग्राफिक डिझाइनच्या नोकरीला नाही. पण मंडळाचं पोस्टर तुम्ही केलं असेल तर ते आहे. उच्चार करताना 'रेव्हेलंट' होतंय का ते बघा, अर्ध्या वर्गाचं होतं. नियम, कर, सवलत लागू असेल तर ॲप्लिकेबल. फॉर्मवर एखादा रकाना आपल्याला लागू नसेल तर 'एन. ए.', म्हणजे 'नॉट ॲप्लिकेबल', लिहायचं. शहापूरच्या एका मुलाने मला गंभीरपणे विचारलं होतं, 'मॅडम, आमची जमीन तर एन. ए. नाही, शेतीच आहे, मग लिहू का?' सातबारा बघत वाढलेल्या पोराला एन. ए. म्हटलं की बिगरशेतीच आठवणार. मी त्याला म्हटलं, तू खुशाल एन. ए. लिही, पण हा किस्सा मला दे.

चार्जर फोनला लागतो की नाही, तिथे कम्पॅटिबल. 'कम्पॅटिबल विथ', कायम विथ. माणसांचं एकमेकांशी पटतं तिथेही हाच. मुळात याचा अर्थ सोबत सोसणं. विवाहमंडळात 'अनुरूप' लिहिणाऱ्यांनी हे एकदा वाचावं.

सातवी पायरी: योग्य वेळ

'योग्य वेळी कळवू' याला 'इन ड्यू कोर्स'. पण संधी चालून आली अशी वेळ असेल तर ऑपर्च्यून. हा शब्द मला फार आवडतो, म्हणून एक परिच्छेद माझा.

ऑपर्च्यून हा मूळ खलाशांचा शब्द. लॅटिनमध्ये 'बंदराच्या दिशेने', म्हणजे गलबताला बंदराकडे ढकलणारा वारा. पोर्ट त्यातच लपलाय. ऑपर्च्युनिटी, म्हणजे संधी, त्याच वाऱ्याची. आता आपला शब्द बघा: अनुकूल. कूल म्हणजे काठ, तीर. काठाला धरून जाणारं ते अनुकूल, काठाच्या उलट ते प्रतिकूल. दोन भाषा, दोन किनारे, आणि दोन्हीकडे सोयीच्या वेळेचा शब्द पाण्यावरून आला. ऐरोलीच्या पुलावरून खाडी ओलांडताना भरतीच्या वेळी एखादी होडी दिसली की मी वर्गातल्या मुलांना ती दाखवते. बसमधली माणसं बघत राहतात, बघू देत.

'योग्य'सुद्धा असाच. युज् म्हणजे जोडणे. त्यापासून योग, युक्त, उपयोग, नियुक्ती, योग्य. बैलांच्या मानेवरचं जू त्याच घरातलं, आणि इंग्रजीत त्या जूला म्हणतात योक, तोही दूरचा भाऊच. ॲप्टचा लॅटिन अर्थही जोडलेला, बांधलेला. म्हणजे योग्य आणि ॲप्ट दोघांच्या मनात चित्र एकच आहे. ॲप्टपासून ॲप्टिट्यूड, ज्याची टेस्ट तुम्ही कॅम्पस इंटरव्ह्यूत देता. ॲटिट्यूडही त्याच शब्दाचं इटालियन वळणाने आलेलं रूप. फक्त 'ॲप्ट टु' या जोडीला जपा. 'ही इज ॲप्ट टु फर्गेट' म्हणजे तो विसरायला योग्य आहे असं नव्हे. तो विसरतोच, त्याची सवय आहे.

आठवी पायरी: मागचं-पुढचं

आता फक्त डागडुजी. मराठीत 'साठी' एकटा सगळं सांभाळतो, इंग्रजीत वाटणी आहे. सुटेबल, फिट, एलिजिबल, कन्व्हिनियंट, ॲडिक्वेट यांच्यापुढे नाम आलं की बिनधास्त 'फॉर' लावा. एलिजिबल आणि फिट यांच्यापुढे क्रियापद आलं तर 'टु': 'एलिजिबल टु व्होट'. रेलेव्हंटला 'टु'. कम्पॅटिबलला 'विथ', वर सांगितलंच.

उलटा अर्थ करायचा तर सुटेबल आणि फिट यांना 'अन' लागतो. बाकीच्या बहुतेकांना 'इन': इनकन्व्हिनियंट, इनएलिजिबल, इनॲडिक्वेट, इनअप्रोप्रिएट, इनकम्पॅटिबल. प पुढे आला की इन-चा इम होतो, इम्प्रॉपर. र पुढे आला की इर, इर्रेलेव्हंट. संस्कृतातला संधी शाळेत केलेल्यांना हे सांगावं लागत नाही, तोंडच वळतं. ॲप्टचा उलटा इनेप्ट, आतला स्वर बदलतो आणि अर्थ होतो अनाडी.

सराव कसा करायचा तर रोज लोकलमध्ये. ठाणे ते घणसोली एवढा वेळ भरपूर झाला. डब्यात जे दिसेल त्यावर मराठीत एक वाक्य, त्यातलं क्रियापद पकडायचं, मग इंग्रजी. 'चौथी सीट मला पुरत नाही.' 'या काकांना ही टोपी शोभते.' 'दारात उभं राहणं बरं नव्हे.' 'ही बॅग वरच्या रॅकवर बसणार नाही.' लिहून ठेवायची गरज नाही.

तो ऐरोलीचा मुलगा अजून वर्गाला येतो. गेल्या शनिवारी रात्री त्याचा मेसेज आला, 'मॅडम, आय विल बी ॲन अवर लेट टुमॉरो. विल दॅट डू?'

मी उत्तर पाठवलं, 'इट वोंट.'

नऊला पाच कमी असताना दारात उभा होता, हातात वडापावची पुडी.